मैदानावर जाताना काय घालू?

(सामुदायिक रेडिओवरच्या ‘आपली कामं, आपली माणसं’ या कार्यक्रमात झालेल्या बोलण्याचा मजकूर)

हातातलं काम चालू ठेवा. भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल, कारण आजचा विषय तुमच्या-माझ्या पेटीतलाच आहे. आज बोलायचं आहे कपड्यांबद्दल. पण लग्नाच्या नाही आणि सणाच्या नाही. कामाच्या निमित्तानं आपल्याला मैदानावर जावं लागतं, तेव्हाच्या कपड्यांबद्दल.

तुम्ही म्हणाल, आमचा आणि मैदानाचा काय संबंध? आहे, आणि आता चांगलाच आहे. दिवाळी सरली की गावोगावी कबड्डीचे सामने लागतात. यात्रा आली की कुस्त्यांचं मैदान भरतं. शाळेत क्रीडास्पर्धा असतात. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांच्या स्पर्धा होतात, त्यात धावणं, रस्सीखेच, संगीत खुर्ची असते. दूध संघ किंवा कारखाना क्रिकेटचे सामने भरवतो. या सगळ्यांत आता बायांना बोलावणं येतं. सरपंच म्हणून येतं, बचत गटाची अध्यक्ष म्हणून येतं, आशाताई आणि अंगणवाडीताई म्हणून येतं. आपल्या मुली एमआयडीसीत कामाला आहेत, त्यांना तर कंपनी कधी कधी शहरात मोठा सामना बघायला नेते.

हे बोलावणं आपोआप आलेलं नाही. १९९३ साली पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. म्हणून आज मैदानाच्या कडेच्या मांडवात पुढच्या रांगेत बायांसाठी खुर्ची असते. ती खुर्ची आपली आहे. पण तिच्यावर बसायच्या आधी घरात एक प्रश्न उभा राहतो. काय घालू?

हा प्रश्न बारीक वाटतो, पण त्याच्यापायी खुर्ची जाते. मी पाहिलेली गोष्ट सांगते. गाव सांगत नाही. एका ताईंना कबड्डीच्या सामन्याचं उद्घाटन करायचं बोलावणं होतं. त्या गावच्या सरपंच. त्या म्हणाल्या, “माझ्याकडं धड साडी नाही, चारचौघांत कशी जाऊ? तुम्हीच जा.” मालक गेले. नारळ त्यांनी फोडला, भाषण त्यांनी केलं, फोटो त्यांचा आला. पुढच्या वर्षी पत्रिकेवर नावच मालकांचं छापून आलं. एका साडीवरून पद घराबाहेर गेलं नाही हे खरं, पण ताईंच्या हातून गेलं. म्हणून म्हणते, हा विषय नटण्याचा नाही, आपली जागा राखण्याचा आहे.

आता सरळ कामाचं बोलू. बोलावणं आलं की साडी बाहेर काढायच्या आधी स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या. एक, मी तिथं कोण म्हणून चालले आहे? पाहुणी, कामावरची बाई, खेळणारी की बघणारी? दोन, मला तिथं काय काय करावं लागणार? बसायचं, चालायचं, वाकायचं, पळायचं? तीन, किती तास आणि परत कशी येणार? या तिन्हींची उत्तरं मिळाली की कपडा आपोआप ठरतो.

पहिल्यांदा पाहुणीचं बघू.

कुस्तीचं मैदान घ्या. हलगी घुमायला लागली की पाहुण्यांना कुस्ती लावायला आत बोलावतात. आत म्हणजे मातीत. चप्पल बाहेर काढूनच मातीत पाऊल ठेवायचं, तो त्या मातीचा मान आहे. त्यामुळं पट्ट्या सोडत बसावं लागणार नाही अशी साधी चप्पल घाला. कुस्तीची लाल माती नुसती माती नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मळलेली असते. साडीच्या काठाला लागली की सहजी निघत नाही. तेव्हा जमिनीवर लोळणारी साडी तिथं नको. घोट्याच्या जरा वर येईल अशी नेसा. नऊवारी नेसत असाल तर उत्तमच, काष्टा असला की वाकायला आणि चालायला कसलीच अडचण नाही.

आणि कुस्तीच्या मैदानात बाईनं पाय ठेवायचा की नाही, असं कुणी कुजबुजलं तर त्याला सांगा, २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती गदा जिंकली. पोरी मैदानात उतरून गदा घेऊन आल्या, आपण कुस्ती लावायला उतरायला काय हरकत आहे?

कबड्डीचे सामने आता पुष्कळ ठिकाणी मॅटवर होतात. खेळाडूंची ओळख करून घ्यायला पाहुण्यांना मॅटवर नेतात. टाचेची चप्पल घालून मॅटवर गेलं की मॅटला भोक पडतं आणि आपला पाय मुरगळतो. क्रिकेटच्या खेळपट्टीचं तसंच. टाच रुतली की खेळपट्टी खराब होते. संयोजक तोंडावर काही बोलत नाहीत, पण मनात म्हणतात. सपाट तळव्याची, मागून पट्टा असलेली चप्पल बरी. मैदान म्हणजे ढेकळं आणि खड्डे आलेच.

उद्घाटनाला समई लावायची असते. मैदानात वारा असतो. इथं जरा नीट ऐका. नायलॉनची, जॉर्जेटची, कृत्रिम धाग्याची साडी पेटली की ती नुसती जळत नाही, वितळून अंगाला चिकटते. सुती साडीला आग लागत नाही असं नव्हे, पण ती अशी चिकटत नाही. म्हणून समई लावायची असेल तर सुती किंवा खादीची साडी, पदराच्या बारीक निऱ्या करून खांद्यावर पिन लावलेली, आणि पदराचं टोक डाव्या हातात धरून ठेवायचं. हीच पिन नारळ फोडताना, नाणेफेक करताना, मुलींच्या गळ्यात पदक घालताना उपयोगी पडते. वाकलं तरी पदर सुटत नाही. हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. फोटो कुठून कसा निघेल सांगता येत नाही. आपण निर्धास्त असलो की चेहराही निर्धास्त दिसतो.

पाहुण्या बाईला आता फेटाही बांधतात. चांगलं आहे. पण त्या दिवशी उंच अंबाडा घातला की फेटा बसत नाही. खाली, मानेवर बांधा. आणि गजरा माळला असेल तर फेट्याखाली तो चुरगळतो, हे धरून चाला.

मांडवातल्या पहिल्या रांगेच्या खुर्च्या प्लॅस्टिकच्या, हात नसलेल्या असतात. समोर टेबल असेलच असं नाही. पंजाबी ड्रेस घालणार असाल तर कुर्ता गुडघ्याच्या खाली येणारा असला म्हणजे तीन तास पाय कसा ठेवू याची काळजी राहत नाही. आणि हो, पंजाबी ड्रेस घातला म्हणून पाहुणीचा मान कमी होतो, असं नाही. स्वच्छ, इस्त्री केलेला, अंगाला बेताचा असला म्हणजे झालं.

दुसरी गोष्ट, कामावर असलेल्या बायांची.

आशाताईंना मैदानावर प्रथमोपचाराच्या टेबलावर बसवतात. गटाच्या बाया वडापाव-चहाचा स्टॉल लावतात. यांचा दिवस सकाळी सातला सुरू होतो आणि दिवे लागले तरी संपत नाही. तुम्हाला गणवेशाची साडी असेल तर तीच घाला. गर्दीत कुणी पडलं, कुणाला लागलं, तर माणसं गणवेश ओळखून तुमच्याकडं धावत येतात. ओळखपत्र गळ्यात असू द्या, पण तळणाशी बसल्यावर ते काढून ठेवा, नाहीतर दोरी कढईत लोंबते. स्टॉलवाल्यांनी ओढणी घेतली असेल तर ती छातीवरून आडवी घेऊन कमरेला गाठ मारा. वरून सुती ॲप्रन. केस बांधून त्यावर रुमाल. बांगड्या कमी. जमिनीवर शेगडी असेल तर साडीच्या निऱ्या वर खोचा. एकसारखी साडी सगळ्यांना परवडत नसेल तर एकसारखे ॲप्रन आणि डोक्याचे रुमाल घ्या. गट लांबून ओळखू येतो, आणि खर्च साडीच्या मानानं कितीतरी थोडा.

उन्हाचं विसरू नका. मैदानात झाड नसतं. दुपारी बारा ते तीन पदर डोक्यावर घेणं ही काही लाजेची खूण नाही, तो उन्हावरचा सगळ्यात जुना उपाय आहे. फिकट रंगाचं सुती कापड ऊन कमी धरतं. काळी-गडद कृत्रिम साडी तापते आणि घाम बाहेर जाऊ देत नाही. आणि संध्याकाळी त्याच मैदानावर गार वारा सुटतो. पिशवीत एक शाल राहू द्या.

तिसरी गोष्ट, खेळणाऱ्यांची. इथं मला जरा थांबून बोलायचं आहे.

कर्मचाऱ्यांच्या स्पर्धा निघतात. आदेश येतो की प्रत्येक विभागातून महिलांचा संघ पाहिजे. आणि मग रस्सीखेच, शंभर मीटर धावणं, कबड्डी, हे सगळं आपल्या बाया साडीत करतात. पदर खोचतात, निऱ्या धरतात, आणि पळतात. लोक हसतात, टाळ्या वाजवतात, मोबाईलमध्ये घेतात. कुणी पडलं की जास्तच हसतात. मला ते हसू आवडत नाही.

साडीत पळता येत नाही असं मी म्हणत नाही. बारामतीच्या लता करे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून त्या साठी ओलांडल्यावर मॅरेथॉनमध्ये उतरल्या, नऊवारीत, अनवाणी, आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० साली चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. त्यांना आपण मनापासून नमस्कार करतो. पण त्या अनवाणी पळाल्या त्या शोभेसाठी नाही पळाल्या, गरजेपोटी पळाल्या. त्यांची गोष्ट सांगून कुणी तुम्हाला म्हणालं की “बघा, त्या साडीत पळाल्या, तुम्हाला ट्रॅकपँट कशाला पाहिजे?” तर ते बोलणं बरोबर नाही. बूट मिळत असतील तर बूट घालायचे.

नऊवारीत निदान काष्टा असतो, पाय मोकळे राहतात. सहावारीत परकर पायांना धरतो. परकर पायात अडकून पडलेली बाई तोंडावर पडते, कारण तिचे दोन्ही हात निऱ्या धरण्यात गुंतलेले असतात. चाळिशीनंतर अशी पडली आणि मनगट मोडलं, तर दीड-दोन महिने भाकरी कोण थापणार? धार कोण काढणार? कार्यालयानं दिलेला कप त्यात काही कामाचा नाही.

म्हणून खेळायचं असेल तर खेळाचे कपडे घाला. ट्रॅकपँट किंवा सैलसर सलवार, वर मांडीपर्यंत येणारा सुती कुर्ता किंवा टी-शर्ट. ओढणी नको. घेतलीच तर आधी सांगितल्यासारखी गाठ मारून. आतले कपडेही नीट मापाचे हवेत, छातीला आधार देणारे. हे बोलायला आपण लाजतो, आणि मग पळताना अवघडल्यासारखं होतं म्हणून पळतच नाही. खेळासाठी वेगळी घट्ट बॉडी मिळते, तालुक्याच्या बाजारातही मिळते. दुकानात बाई असेल अशा ठिकाणी दोघी-तिघी मिळून जा.

दागिन्यांचं. रस्सीखेचीला काचेच्या बांगड्या घालून उतरू नका. फुटली की तुमच्या हाताला आणि पुढच्या-मागच्या बाईच्या हाताला लागते. कबड्डीत मंगळसूत्र ओढलं जातं. काढायचं मनाला पटत नसेल तर कुर्त्याच्या आत घालून पिन लावा किंवा छोटं घाला. जोडवी बुटात रुततात, आधीच्या दिवशी बूट घालून बघा. नवे बूट त्याच दिवशी घालू नका, फोड येतात.

आता खरी अडचण. मापाचे कपडे मिळतील, पण घरात कोण काय म्हणेल? सासूबाई म्हणतील, “या वयात पँट घालणार?” शेजारी बोलतील. यावर मी एकच वाट चांगली चाललेली पाहिली आहे. एकटीनं नका बोलू. संघातल्या सगळ्या जणी मिळून ठरवा आणि सगळ्यांच्या घरी एकच गोष्ट सांगा, की हा संघाचा पोशाख आहे. पोलीस भरतीतल्या पोरीला कुणी विचारत नाही की तू पँट का घातलीस, कारण तो कामाचा पोशाख आहे. हाही तसाच. ज्या ताईंना तरीही साडीच हवी, त्यांना धावण्याला नको, पंच म्हणून, गुण लिहायला, पाणी-पट्टी बघायला घ्या. संघात त्यांचीही जागा आहे. कुणालाही कपड्यावरून बाहेर काढू नका, ना पँटवरून, ना साडीवरून.

खेळात बाईनं काय घालावं हे आजवर बहुतेक वेळा दुसऱ्यांनी ठरवलं आहे, आणि ते फक्त आपल्याकडं नाही. नॉर्वे नावाचा थंड देश आहे. तिथल्या मुली वाळूवरचा हँडबॉल खेळतात. २०२१ साली त्यांनी सांगितलं, आम्हाला तोकडी बिकिनी नको, आम्ही अर्ध्या चड्डीत खेळू. तर नियम मोडला म्हणून त्यांच्या संघाला १५०० युरोचा दंड केला. आपल्याकडं जास्त झाकलं नाही म्हणून बोलतात, तिकडं जास्त झाकलं म्हणून दंड. पण त्या मुली हटल्या नाहीत, जगभर गवगवा झाला आणि त्याच वर्षी नियम बदलावा लागला.

दुसरं, विम्बल्डन. टेनिसची मोठी जुनी स्पर्धा. तिथं अंगावरचं सगळं पांढरं लागतं, आतले कपडेसुद्धा. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या कपड्यांत खेळायचं म्हणजे मुलींच्या मनावर किती ताण असेल, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्या बोलल्या. आणि २०२३ पासून बाईला आत गडद रंगाची चड्डी घालायची मुभा मिळाली. मोठमोठ्या खेळाडूंनाही हेच बोलावं लागलं, जे आपण गटात हळू आवाजात बोलतो.

तेव्हा पाळीचं आपणही उघड बोलू. मैदानावर बायांसाठी शौचालय असतंच असं नाही. संयोजकांना आधीच विचारा, आणि तुम्ही सरपंच असाल तर नुसतं विचारू नका, ती सोय झाल्याशिवाय सामन्याला मैदान देऊ नका. पाळी असेल तर गडद रंगाचा खालचा कपडा, एक जास्तीचा सुती कपडा किंवा पॅड, आणि वापरलेलं गुंडाळायला कागद. आणि शौचालय नाही म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही, ही आपली जुनी सवय सोडा. उन्हात पाणी न पिता बसलं की चक्कर येते, लघवीला जळजळ होते.

चौथी गोष्ट, बघायला जाणाऱ्या. विशेष करून कंपनीत काम करणाऱ्या आपल्या मुली.

२०२५ च्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत खो-खोचा विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला होता, कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. हे सगळं झाल्यावर मुलींना सामने बघायला जावंसं वाटणारच. कंपनीनं नेलं तर जरूर जा.

मोठ्या मैदानात शिरताना तपासणी असते. मोठी पिशवी, पाण्याची बाटली, डबा सहसा आत नेऊ देत नाहीत. म्हणून खिसा असलेला कुर्ता किंवा जीन्स घाला. मोबाईल, थोडे पैसे, ओळखपत्र खिशात मावलं पाहिजे. पायऱ्या उंच असतात, गर्दी ढकलत असते. लोंबणारी ओढणी, टाचेची चप्पल, नाजूक साखळी यांतलं काही नको. कंपनी टी-शर्ट देत असेल तर माप आधी सांगा. घट्ट आला तर “मोठा द्या” म्हणायचं. आत एक बनियन किंवा वरून जाकीट घालायची सोय आपण आपली करायची. सामना रात्री संपतो. परत येताना थंडी आणि अंधार, तेव्हा एक स्वेटर आणि पळता येईल असे बूट.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. साहेबांबरोबर, सहकाऱ्यांबरोबर कामाच्या निमित्तानं मैदानावर गेलं, तर कायद्याच्या नजरेत तेही कामाचंच ठिकाण आहे. २०१३ चा कायदा आहे, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा. कामामुळं जिथं जिथं जावं लागतं ती जागा आणि मालकानं दिलेली गाडीसुद्धा त्यात धरलेली आहे. पगारावर असलेली बाई त्यात येते, मानधनावर असलेली येते आणि विनामूल्य काम करणारीही येते. म्हणजे गाडीत कुणी तुमच्या कपड्यांवरून घाणेरडं बोललं, मैदानात गर्दीचं निमित्त करून हात लावला, नको असताना फोटो काढून त्यावर चेष्टा केली, तर “आज काय सहल होती” असं म्हणून ते सुटत नाही. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथं तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार लेखी द्यायची, तीन महिन्यांच्या आत. ताबडतोब मदत हवी असेल तर १८१ ही बायांसाठीची मदतवाहिनी आहे, आणि ११२ हा पोलिसांचा नंबर आहे. हे दोन आकडे मोबाईलमध्ये घालून ठेवा.

हे सांगायचं कारण असं, की काही वाईट झालं की पहिला प्रश्न बाईलाच विचारतात, “तू काय घातलं होतंस?” मैत्रिणींनो, मी आज इतका वेळ काय घालावं हे सांगते आहे ते पडू नये म्हणून, भाजू नये म्हणून, ऊन लागू नये म्हणून. दुसऱ्याच्या वाईट वागण्याची जबाबदारी आपल्या कपड्यावर नसते. साडीतल्या बाईलाही छेडतात आणि पंजाबी ड्रेसमधल्या बाईलाही. कपडा आपल्या सोयीचा विषय आहे, त्याच्या वागण्याचा जाब त्यानं द्यायचा. आपल्या गटात तरी तो पहिला प्रश्न कुणी कुणाला विचारू नये.

आणखी एक गोष्ट, जी गटात फार कमी बोलली जाते. आपल्यातल्या ज्या ताईंचे मालक वारले आहेत, त्यांचं काय? त्यांना पाहुणी म्हणून बोलावतात आणि मग सत्काराच्या वेळी हळदीकुंकवाचं ताट घेऊन आलेली मुलगी त्यांच्यापाशी येऊन अडखळते. त्यांनी हिरवी साडी नेसली तर मागून बोलणं होतं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला, की आमच्या गावात विधवा प्रथा बंद. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. नंतर राज्य सरकारनंही इतर गावांना त्याच वाटेनं जायला सांगितलं. तेव्हा त्या ताईंना जो रंग आवडतो तो त्या घालतील, आणि सत्कार सगळ्यांचा एकसारखा होईल. त्यांना कुंकू हवं की नको हे त्यांना आधी बाजूला घेऊन विचारा. मांडवात सगळ्यांसमोर नको.

शेवटी पैशाचं. मैदानावर जायला नवी साडी लागत नाही. त्यासाठी गटातून कर्ज तर मुळीच उचलू नका. उद्घाटनाचा मान एका दिवसाचा, हप्ता दहा महिन्यांचा. माझी सूचना अशी आहे, की गटाची एक पेटी करा. तिच्यात दोन-तीन चांगल्या सुती साड्या, ट्रॅकपँटचे दोन-तीन जोड, चार ॲप्रन, एक शाल, पिनांचा डबा. ज्यांच्या घरी वापरात नसलेलं चांगलं आहे त्यांनी दिलं तर खर्चही नाही. बोलावणं आलेल्या बाईनं न्यावं, धुऊन, इस्त्री करून परत ठेवावं. वहीत नोंद करायची, जशी आपण पैशाची करतो. अट एकच. कुणी काय नेलं याची गावात चर्चा करायची नाही.

आणि आदल्या रात्रीची तयारी. जे घालायचं ते घालून घरात पाच मिनिटं फिरा. खाली वाका, जमिनीवरचा तांब्या उचला. दोन्ही हात डोक्यावर न्या. पाटावर बसा आणि हाताचा आधार न घेता उठा. चार पावलं भराभर चाला. यात कुठं ओढलं, सुटलं, टोचलं, तर ते उद्या मैदानात नक्की सुटणार. आताच पिन लावा किंवा दुसरं काही काढा. पिशवीत पाण्याची बाटली, शाल, दोन जादा पिना, रुमाल, आणि परत यायच्या गाडीचं भाडं वेगळं बांधून. झाली तयारी.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं सांगा, काय घालू या प्रश्नापायी कुठलं बोलावणं सोडलं. ऐकल्यावर लक्षात येईल की बोलावणी थोडी नव्हती. आणि आपल्या गावातला पुढचा सामना कुठला, त्याला आपल्यातली कोण जाणार, हे त्याच बैठकीत ठरवून टाका. पत्रिकेवर नाव तिचंच छापायला सांगा, तिच्या मालकांचं नाही.

तुमचे अनुभव आपल्या केंद्रावर येऊन सांगा, किंवा वहीच्या पानावर लिहून पाठवा. आता निरोप घेते. भाकरी करपली नसेल, अशी आशा करते. राम राम.